एक मत अधिक

अक्षर बरं म्हणून मला पुढे बोलावलं.
रात्रीचे अडीच. ट्रॉम्ब्यातल्या पालिका शाळेचं सभागृह,
फळ्यावर कुणीतरी अर्धा पुसलेला सातचा पाढा,
त्याच्याखाली खडूनं:
शेलटकर ४१३१७
डाबरे ४१३१७

तिसऱ्यांदा मोजून झालं होतं.
टपाली मतं ट्यूबलाइटखाली धरून पाहिली,
सहीवाचून बाद झालेल्या एका लखोट्यावर
तासभर भांडण झालं,
यंत्रं पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.
आकडा हलेना.
चाळीच्या अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर यावेत
दोघांच्याही हातात भरलेली कळशी
आणि मागे सरायला जागाच नसावी, तसं.

खांडेपारकर मॅडमनी पुस्तक काढलं.
कलम एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं:
चिठ्ठी टाकावी. ज्याची निघेल त्याला
एक मत अधिक मिळालं, असं धरून पुढे जावं.

असं धरून.
कलेक्टर कचेरीत माझी चोवीस वर्षं
या दोन शब्दांवर गेली. पण त्या रात्री
ते पहिल्यांदा कानाला लागले.

कोरा कागद पट्टीनं मधोमध फाडला.
चंद्रहास गोविंद शेलटकर. रेमी डाबरे.
एक नाव कागदभर, एक एवढंसं.
म्हणून डाबरेची अक्षरं जरा सैल लिहिली,
मग वाटलं, सैल का लिहिली?
चार घड्या ह्याला, चार घड्या त्याला.
दुसऱ्या चिठ्ठीची शेवटची घडी नखानं दाबली गेली
आणि पहिलीची नाही.
ती पुन्हा दाबली.
दोन्हीकडचे प्रतिनिधी चिठ्ठ्या तळव्यावर तोलून बघत होते,
सोनाराकडे बसल्यासारखे.

माहुलच्या बंदरावर आई वाटे लावायची.
बोंबील, मांदेली, वर एकेक कोलंबी,
इकडची दोन तिकडे, तिकडचं एक इकडे,
डोळ्यांना पटेपर्यंत.
मग मला पाठ करून समुद्राकडे उभं करायची
आणि एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायची,
"यो वाटा कोनाचा?"
मी न बघता नावं घ्यायचो.
तिचं स्वतःचं नाव नेहमी शेवटी.
वाटे करील त्यानं मागून उचलायचं,
एवढाच तिचा कायदा. त्यात कलमं नव्हती.

बरणी चहावाल्याची, तळाशी खारीचा चुरा.
शिपाई गंगावणेंच्या धाकटीला झोपेतून उठवून आणलं,
दर्शना, सहा वर्षांची, एका पायात चप्पल.
कॅमेरे सरसावले. पोलिसानं टोपी काढली, का कोण जाणे.
आणि मी, सवयीनं म्हणा,
पाठ करून उभा राहिलो.
समोर खिडकी होती. बाहेर रिफायनरीची ज्योत,
जळत होती कुणालाही न विचारता.

मागे कागद उलगडल्याचा आवाज.
मग एक बाजू ओरडली,
आणि दुसरी बाजू इतकी गप्प
की पोरीचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं:
"दुसरी पण काढू?"

काढली. काढावीच लागते,
दोन्हींवर एकच नाव नाही हे दाखवायला.
गुलाल फाटकाबाहेर पोचला होता तेव्हा
ती दुसरी चिठ्ठी मी लखोट्यात घालत होतो.
लाख लावली. सही घेतली. वेळ टाकली, ३.०५.

तक्त्यात शेवटच्या रकान्यात मीच लिहिलं: ४१३१८.
ब्याऐंशी हजारांवर माणसं रांगेत उभी राहून
बोटाला शाई लावून गेली.
हे वरचं एक मत कुठल्या यादीतलं?
कुठल्या गल्लीतलं? त्याला कुणी पाणी देतो म्हणालं होतं का,
नळ, गटार, पोराला नोकरी?
त्याचं बोट शोधत बसलो, तर शाई
माझ्याच बोटाला होती, पेनाची.

पहाटे घरी पोचलो. दार उघडताना बायको म्हणाली,
"कोण आलं?"
नाव माझ्याच अक्षरात होतं,
तरी पटकन तोंडात येईना.
म्हटलं, थांब जरा,
मी पाठ करून उभा होतो.